डिप्रेशनच्या गोळ्या सुरू करू की आधी काउन्सेलिंग करून बघू?

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन लिहून दिलंय, मेडिकलमधून पाकीट आणलंय, पण पहिली गोळी काही घेववत नाही, अशा अवस्थेत बरेच जण असतात. घरचे म्हणतात सवय लागेल, योगा कर, मित्र म्हणतो काही होत नाही रे घे, आणि आपण मध्येच लटकलेलो.

आधी बघा की त्रास किती आहे. कामाला जाताय, जेवण-झोप बरी आहे पण कशातच मन लागत नाही, एवढंच असेल तर आधी काउन्सेलिंग करून बघायला हरकत नाही, ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनमध्येही सौम्य डिप्रेशनला सरसकट आधी गोळ्या नकोत असंच म्हटलंय. पण अंघोळीलाही उठवत नाही, जेवण तुटलंय, मरणाचे विचार येतायत, तर गोळ्यांना उगाच घाबरून दिवस काढू नका.

गोळ्यांचा फायदा किती, तर 2018 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये 522 ट्रायल्स एकत्र करून 21 औषधं तपासली, सगळीच प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस निघाली. पण फरक जादूचा नाही. ढोबळमानाने शंभरातल्या पन्नासेक जणांना गोळीने बऱ्यापैकी आराम पडतो आणि नुसत्या खोट्या गोळीनेही पस्तीस-चाळीस जणांना पडतो.

काउन्सेलिंगचं म्हणाल तर आपल्या शेजारी गोव्यातच दोन्हीचा अभ्यास झालाय. 2003 च्या अभ्यासात दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा बरे होते आणि काउन्सेलिंगचा मात्र काही वेगळा फायदा दिसला नव्हता. मग 2017 ला दुसऱ्या पद्धतीचं काउन्सेलिंग आलं, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन 6 ते 8 सेशन्स, रोजच्या आयुष्यातली छोटी छोटी कामं परत सुरू करायची, बस, आणि डिप्रेशन चांगलंच जास्त असलेल्यांपैकी 64% लोक तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले, ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात 39%. म्हणजे काउन्सेलर काय करून घेतो त्यावर खूप आहे, नुसत्या गप्पा होत असतील तर पैसे जातात आणि त्रास तसाच. तालुक्याच्या गावी असा माणूस मिळत नाही, गोळी मिळते, हेही खरंच आहे. जमत असेल तर माझं मत दोन्ही एकत्र करा असंच आहे, विशेषतः त्रास जास्त असेल तर.

आता तोटे. पहिले दहा-पंधरा दिवस मळमळ, डोकं दुखणं, बेचैनी, झोपेचं खोबरं, आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे, म्हणजे आधी त्रास मग आराम, इथेच बरेच जण सोडून देतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने 2004 ला मुलांसाठी ही वॉर्निंग दिली आणि 2007 ला 24 वर्षांपर्यंत वाढवली, त्यामुळे घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. सेक्सची इच्छा कमी होणं हा साइड इफेक्ट खूप कॉमन आहे पण लाजेने कोणी बोलत नाही, डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. वयस्कर माणसांत सोडियम कमी होऊ शकतं. अॅस्पिरिन किंवा पेनकिलर चालू असेल तर तेही सांगायचं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि पूर्वी कधी झोप न लागताही भलताच उत्साह, वारेमाप खर्च असं झालं असेल तर हे आधी सांगाच, बायपोलरमध्ये, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजारात, नुसत्या या गोळ्यांनी माणूस मॅनियात, म्हणजे अशाच भलत्या उत्साहात, जाऊ शकतो.

सवयीचं म्हणाल तर दारूसारखी तलफ येत नाही, डोसही आपोआप वाढत जात नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायच्या आणि मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

पहिला फॉलोअप दोन आठवड्यांच्या आतच ठरवून घ्या, आणि मध्येच मरणाचे विचार वाढले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.