‘लाइफटाइम लायसन्स’वालं रिमोट सॉफ्टवेअर घेताय? आधी आमच्या ऑफिसचं काय झालं ते वाचा

घरून काम करणाऱ्यांसाठी किंवा क्लायंटला लांबून सपोर्ट द्यायला रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर (म्हणजे लांबून दुसरा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवायचं) शोधत असाल आणि कोणी "एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा, कितीही कॉम्प्युटरवर टाका" असं सांगत असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा. आमच्या ऑफिसची यात फसवणूक झाली. नुसते लायसन्सचे पैसे गेले असते तर मी एवढं लिहीत बसले नसते, पण त्याच्या मागोमाग जे झालं त्यात आमच्या एका जुन्या क्लायंटला भुर्दंड पडला आणि त्याचा राग मला अजूनही येतो.

आमचं छोटं डिझाईनचं ऑफिस आहे, निम्मी माणसं घरून काम करतात. मोठ्या फाइल्स आणि महागडी सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवर, त्यामुळे घरून त्या मशीनवर जायला काहीतरी लागतंच. आधी काहीजण टीमव्ह्यूअरचं फ्री व्हर्जन वापरायचे, पण ते फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे, कामधंद्यासाठी वापरताय असा त्याला संशय आला की मेसेज येतो आणि सेशन मधेच तुटतं. त्यात त्यांचं काही चूक नाही. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आहे पण ज्या मशीनवर जायचंय तिथे प्रो एडिशन लागते, होम एडिशनवर बाहेरून तसं जाता येत नाही, आणि आमच्याकडे बऱ्याच मशीनवर होम. मग सरांनी पैसे देऊनच घ्यायचं ठरवलं, कोटेशनं मागवली, तर जवळपास सगळीकडे दरवर्षी पैसे भरायचे.

तेवढ्यात हा विक्रेता आला. स्वतःच्या ब्रँडचं नाव, चकाचक लोगो, बोलायला एकदम गोड. "आमचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे, स्वतःचा सर्वर आहे, दरवर्षीची कटकट नाही." सरांना माहीत होतं की पूर्वी यातली नावाजलेली सॉफ्टवेअरसुद्धा एकदाच पैसे भरून मिळायची, सबस्क्रिप्शनची पद्धत नंतर आली, त्यामुळे ‘लाइफटाइम’ शब्दात त्यांना काही वावगं वाटलं नाही. आणि खरं सांगायचं तर चाललंही छान. काही महिने कोणाची एक तक्रार नाही.

आता इन्स्टॉल करतानाचं नीट सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. त्याने एक पीडीएफ पाठवली होती, स्क्रीनशॉट आणि लाल बाणांसकट. पहिलं, फाइल चालवल्यावर विंडोजची निळी खिडकी येईल, तिथे ‘मोअर इन्फो’ दाबा, ‘अननोन पब्लिशर’ असं दिसेल, तरी ‘रन एनीवे’ दाबा. दुसरं, अँटीव्हायरसमध्ये जाऊन या फोल्डरला एक्सक्लुजन द्या (हा फोल्डर तपासू नकोस असं सांगा) म्हणजे स्पीड चांगला मिळेल. तिसरं, प्रत्येक मशीनचा कायमचा पासवर्ड आम्हीच सेट करून देतो म्हणजे तुमच्या स्टाफला त्रास नको. शेवटी त्याने एक एक्सेल शीट दिली, प्रत्येकाच्या नावापुढे मशीनचा आयडी आणि पासवर्ड. त्या शीटची एक कॉपी अर्थातच त्याच्याकडेही होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, ते अक्षरशः.

मग एका सकाळी सगळ्यांचं एकदम बंद. घरून कोणालाच कनेक्ट होईना, नुसतं ‘सर्वर उपलब्ध नाही’, कारण सगळी जोडणी त्याच्याच सर्वरमधून व्हायची. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सर्वर मेंटेनन्सचे चार्जेस भरावे लागतील, दरवर्षी." मी म्हटलं अहो लाइफटाइम म्हणाला होतात ना तुम्ही. तर म्हणे "लाइफटाइम सॉफ्टवेअरचं आहे मॅडम, सर्वरचं नाही." बिलावर बघितलं तर सर्वरचा शब्दही नाही.

मला ते पटेना म्हणून त्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज उघडल्या. नेटवर्कच्या पानावर सर्वरच्या पत्त्याचा रकाना होता, त्यात कुठल्या कंपनीचं नावबिव नाही, नुसता आकड्यांचा आयपी ॲड्रेस, आणि तो रकाना लॉक केलेला, बदलताच येत नव्हता. ‘अबाउट’चं पान कोरं. अपडेटचं बटणच गायब. मग इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये गेले तर तिथल्या फाइल्सची नावं एका ओपन सोर्स रिमोट सॉफ्टवेअरशी हुबेहूब जुळली. ते सॉफ्टवेअर कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं आणि आपल्या सर्वरवर चालवू शकतं. त्याचं नाव मी घेत नाही कारण त्यांचा यात काडीचा दोष नाही, आणि ओपन सोर्स घेऊन त्यावर सर्व्हिस विकणं हाही काही गुन्हा नाही, पण लायसन्सच्या अटी पाळाव्या लागतात आणि गिऱ्हाइकाला खरं सांगावं लागतं. याने नुसता लोगो बदलला, स्वतःच्या सर्वरचा पत्ता आत बसवला आणि ‘आमचं प्रॉडक्ट’ म्हणून आमच्या गळ्यात मारलं.

इथपर्यंत मला वाटत होतं की फार तर पैसे बुडाले. त्याच आठवड्यात आमच्या अकाउंट्सच्या ताईंना एका क्लायंटचा फोन आला, की तुम्ही बँक बदलली म्हणून मेल केला होता त्याप्रमाणे नव्या खात्यात पेमेंट टाकलंय, पोचलं का? ताईंनी असा मेल पाठवलाच नव्हता. पण क्लायंटने तो मेल फॉरवर्ड केला तर तो खरोखर आमच्याच पत्त्यावरून गेलेला, आमच्याच इन्व्हॉइसच्या नमुन्यात, खाली ताईंची सही, फक्त खातं वेगळं. ताईंच्या पाचावर धारण बसली, बिचाऱ्या परत परत म्हणत होत्या मी नाही हो पाठवला, मी नाही पाठवला.

मेलबॉक्स तपासताना जे सापडलं ते प्रत्येकाने आपल्याकडे बघावं असं आहे. आउटलुकच्या ‘रूल्स’मध्ये एक नियम बनवून ठेवला होता, नाव म्हणून नुसता एक टिंब. त्या क्लायंटकडून काहीही मेल आला की तो ‘वाचलेला’ म्हणून मार्क करून ‘आरएसएस फीड्स’ फोल्डरमध्ये टाकायचा. तो फोल्डर कोण उघडतं? आम्ही उघडला तर आत क्लायंटची उत्तरं पडली होती, "नवीन खात्याबद्दल एकदा कन्फर्म कराल का" असं विचारणारी. त्यांनी विचारलं होतं हो! आणि आमच्या नावाने त्यांना ‘हो’ म्हणून उत्तरही गेलेलं.

मग ताईंच्या मशीनवरचे त्या प्रोग्रामचे लॉग (कोण कधी जोडलं याच्या नोंदी) काढले. रात्री दीड-दोनच्या सुमाराची इनकमिंग कनेक्शन्स, एकदा नाही अनेकदा, आणि समोरचा आयडी आमच्या शीटमधल्या कोणाचाच नाही. त्या फसव्या मेलची वेळ लॉगमधल्या एका सेशनच्या बरोबर आत येत होती. मशीन रात्री चालूच असायचं कारण घरून काम करणाऱ्यांना ते चालू लागतं, आणि ब्राउझर, मेल सगळं लॉगिन केलेलं. टू-फॅक्टर (लॉगिन करताना पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) लावलेलं होतं आम्ही मेलला, पण माणूस तुमच्याच मशीनवर तुमच्याच उघड्या मेलमध्ये बसला असेल तर टू-फॅक्टर विचारणार कोणाला? विक्रेत्याला लॉगचे फोटो पाठवले तर आधी म्हणाला आमच्या सपोर्ट टीमने चेकिंग केलं असेल, मग म्हणाला तुमच्याच कोणीतरी पासवर्ड फोडला, आणि मग फोनच बंद.

आता ‘अँटीव्हायरस काय झोपला होता का’ असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते. एक तर एक्सक्लुजन त्यानेच द्यायला लावलेलं. आणि ते नसतं तरी फार फरक पडला नसता, कारण रिमोट सॉफ्टवेअर हे व्हायरस नसतं, ते जे करायला बनवलंय तेच करत असतं. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सिसाने, जानेवारी २०२३ मध्ये नेमका याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता, की भामटे आता चांगली, अधिकृत रिमोट सॉफ्टवेअरच वापरतात, तीही इन्स्टॉल न करता नुसती चालवता येणारी, म्हणजे ॲडमिनचा पासवर्डसुद्धा लागत नाही. कनेक्शन एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असं, होतं का? होतं की. पण पासवर्डच त्याने टाकलेला, एन्क्रिप्शनने काय अडणार.

यावर कोणी म्हणेल मोठ्या कंपनीचं घ्यायचं ना मग. मोठ्यांकडेही घडतं. एनीडेस्क या रिमोट सॉफ्टवेअरच्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतः जाहीर केलं की त्यांच्या सर्वरमध्ये घुसखोरी झाली, सॉफ्टवेअर आपलंच आहे अशी डिजिटल सही करायचं सर्टिफिकेट त्यांनी बदलायला घेतलं आणि त्यांच्या पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. त्याच महिन्यात स्क्रीनकनेक्ट या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये असं भोक सापडलं की स्वतःच्या सर्वरवर चालवणाऱ्यांकडे पासवर्डशिवाय कोणीही ॲडमिन होऊन बसू शकत होता. पण या दोन्ही वेळी कंपनीने सांगितलं, नवीन व्हर्जन आलं, लोकांनी अपडेट केलं. आमच्याकडे अपडेटचं बटणच काढून टाकलेलं होतं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये उद्या काही भोक निघालं असतं तर आम्हाला कळलंही नसतं आणि दुरुस्तही करता आलं नसतं. माझ्या मते कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं याच्या आधी हे बघा, की खातं कोणाच्या नावावर आहे आणि कायमचा पासवर्ड कोणाला माहीत आहे. ॲडमिन अकाउंट तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं पाहिजे, विक्रेत्याच्या नाही. मधल्या माणसाकडून घेत असाल तर लायसन्स नंबर घेऊन मूळ कंपनीला थेट मेल करून विचारा. आणि फाइल चालवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’चा टॅब बघा, तिथे बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसायला हवं. तो टॅबच नसेल आणि वर कोणी ‘रन एनीवे’ दाबायला सांगत असेल तर तिथेच थांबा.

नुसता कधीतरी सपोर्ट द्यायचा किंवा घ्यायचा असेल तर कायमचा ॲक्सेस देण्याची गरजच नाही, हे मला जीव तोडून सांगायचंय. विंडोजमध्ये क्विक असिस्ट असतं, मदत करणारा एक कोड देतो, तो आपण टाकायचा, आपण परवानगी दिली तरच तो आत, खिडकी बंद केली की विषय संपला. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्येही तसा एकदाच चालणारा १२ आकडी कोड मिळतो, ५ मिनिटांत बाद होतो. अर्थात यातही फोन कोणी कोणाला केला हे महत्त्वाचं, कारण मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की एक टोळी आयटी सपोर्टवाले आहोत म्हणून फोन करून क्विक असिस्ट उघडायला लावते आणि पुढे रॅन्समवेअरपर्यंत (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागेपर्यंत) प्रकरण जातं. स्वतःहून आलेल्या फोनवर कोड टाकूच नका, समोरचा कितीही घाई करू दे.

आणि हो, हे सगळं झाल्यावर एका ओळखीच्यांनी सुचवलं की सोडा ती सॉफ्टवेअर, राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) उघडा आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप थेट वापरा. तसं करू नका. तो पोर्ट जगाला उघडा ठेवला की पासवर्ड फोडणारे बॉट त्यावर तुटून पडतात, आणि रिमोट डेस्कटॉपमधलं २०१९ चं ब्लूकीप नावाचं भोक तर इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला होता. वापरायचंच तर व्हीपीएनच्या (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या खाजगी, बंद रस्त्याच्या) आतून वापरा. आम्ही आता तसंच करतो, सगळ्या मशीनवर प्रो घेतलं, थोडा खर्च आला पण कोण कधी आलं हे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२४ नंबरच्या नोंदींमध्ये बघता येतं, लॉगॉन टाइप १० म्हणजे रिमोटने आलेला. दर सोमवारी मी त्यावर नजर टाकते.

साफसफाईबद्दल एक सांगते. नुसतं अनइन्स्टॉल करून भागलं नाही, ताईंच्या मशीनवर त्याने दुसरं एक रिमोट सॉफ्टवेअरही सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून टाकून ठेवलं होतं, प्रिंटरसारखं काहीतरी नाव देऊन, ते विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवतो तो) परत परत चालू होत होतं. शेवटी सगळ्या मशीन फॉरमॅट केल्या. पण त्याआधी लॉग, ती पीडीएफ, एक्सेल शीट, इन्स्टॉलरची फाइल आणि ते मेल हेडर्ससकट (मेल कुठून कसा आला याच्या नोंदींसकट) पेन ड्राइव्हवर काढून घेतले, कारण फॉरमॅट केल्यावर तक्रारीत दाखवायला हातात काही उरत नाही. बँकेला क्लायंटने त्याच दिवशी कळवलं म्हणून थोडी रक्कम अडवता आली, बाकीची गेली. पोलिसांत तक्रार दिली आहे. तो विक्रेता आता वेगळ्या नावाने, वेगळ्या लोगोने तेच विकतोय, जाहिरातीतले स्क्रीनशॉट तेच आहेत, आम्हाला दाखवले होते ते.

तुमच्याकडे असं कोणी बसवून दिलेलं सॉफ्टवेअर असेल तर आज त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सर्वरचा पत्ता बघा आणि मेलमधले रूल्स उघडून बघा. काही अनोळखी दिसलं तर आधी त्या मशीनची नेटची वायर काढा, मशीन बंद किंवा फॉरमॅट करू नका, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि ज्यांच्याकडून तुम्हाला पैसे येणार आहेत त्या सगळ्यांना मेल न करता फोन करून सांगा की खातं बदललेलं नाही.