किनाऱ्यालगत जहाजाची जागा: जीपीएस, बेअरिंग, रडार की सेक्स्टंट?

सेकंड मेटचं सर्टिफिकेट हातात आलं, थर्ड ऑफिसर म्हणून जहाजावर रुजू झालात, आणि "काही वाटलं तर लगेच बोलवा" असं सांगून कॅप्टन खाली गेले. रात्रीची आठ ते बाराची वॉच, ब्रिजवर तुम्ही आणि एक लुकआउट. एक्डिसच्या, म्हणजे संगणकावरच्या समुद्री नकाशाच्या (चार्टच्या), पडद्यावर जहाजाची छोटी आकृती आपोआप पुढे सरकते आहे. ब्रिजच्या बाहेरच्या टोकाला, विंगवर, जायरो रिपीटर आहे (जायरो होकायंत्राची तबकडी, हिच्यावरून एखाद्या खुणेची दिशा म्हणजे बेअरिंग वाचतात), आत दोन रडार चालू आहेत, कपाटात सेक्स्टंटची पेटी आहे (सूर्य-तारे क्षितिजापासून किती कोनात वर आहेत ते मोजायचं उपकरण). जागा चौघंही सांगतात. मुख्य कुणाला धरायचं आणि पडताळा कुणाकडून घ्यायचा, हे आता तुम्हाला ठरवायचं आहे.

नवे अधिकारी बहुधा अचूकतेवरून ठरवतात, आणि अचूकतेत जीपीएस सगळ्यांच्या पुढे आहे. माझ्या कॅडेटना मी आधी दुसराच प्रश्न विचारायला लावतो: ही पद्धत चुकली तर ती चूक मला दिसेल का, आणि किती वेळात? चारही पद्धती याच प्रश्नावर घासून पाहिल्या की निवड बरीच सोपी होते.

त्याआधी एक गोष्ट, जी चौघांनाही लागते. मागची पक्की जागा, कोर्स, वेग आणि वेळ यांवरून काढलेली हिशेबाची जागा, म्हणजे डीआर. बारा नॉटचं, म्हणजे ताशी बारा सागरी मैल जाणारं, जहाज सहा मिनिटांत 1.2 मैल जातं. वेगाला दहाने भागा, झालं. पुढची जागा कुठे यायला हवी हे आधी मांडलं नसेल, तर आलेली जागा बरोबर की चूक हे कशाशी ताडणार? डीआर आणि फिक्स, म्हणजे प्रत्यक्ष मोजून काढलेली जागा, यांत फरक पडला तर त्याला कारण असतं. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाह साधारण दक्षिणेकडे वाहतो, तेव्हा उत्तरेकडे जाणारं जहाज हिशेबापेक्षा मागे राहिलं तर नवल नाही. पण फरक एकदम अर्ध्या मैलाचा आला आणि कारण सापडत नसेल, तर फिक्स पुन्हा घ्यायचा.

जीपीएस आणि एक्डिस

आकाश मोकळं असेल तर साधा जीपीएस दहा मीटरच्या आत जागा देतो, दर सेकंदाला देतो, धुक्यात आणि पावसातही देतो. त्यामुळे हातातला वेळ वाचतो आणि तो बाहेर बघायला मिळतो, हा फायदा मी कमी लेखत नाही. मासेमारीबंदी संपून 1 ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या की कोकण किनाऱ्यावर रात्री नजर खिडकीबाहेरच हवी.

अडचण अशी की जीपीएस चुकला तरी पडदा तसाच राहतो. 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाचं उदाहरण म्हणूनच प्रत्येकाने समजून घ्यावं. 9 जून 1995 रोजी दुपारी ते बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. उपग्रह सुटल्यावर यंत्र गुपचूप डीआरवर गेलं, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तशी सूचनाही आली. जागा मात्र येत राहिली, आणि ऑटोपायलट तिच्यावरच चालत राहिला. चौतीस तासांनी, 10 जूनच्या रात्री, जहाज नँटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूवर चढलं, ठरलेल्या मार्गापासून सतरा मैलांवर. त्याच ब्रिजवर लोरान-सी, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा काढणारं यंत्र, चालू होता आणि बरोबर जागा दाखवत होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले गेले नाहीत.

आता अँटेना निसटली तर अलार्म वाजतो, पण जॅमिंग आणि खोटे सिग्नल ही नवी डोकेदुखी आली आहे. जून 2017 मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसीस्कजवळच्या वीसहून अधिक जहाजांना जीपीएस गेलेंजिकच्या विमानतळावर, म्हणजे चक्क जमिनीवर दाखवत होता. होर्मुझच्या सामुद्रधुनीत मी स्वतः एका रात्री हे पाहिलं. आमच्या जहाजाची आकृती तीन मैल बाजूला उडाली, परत आली, पुन्हा उडाली. दुसरा जीपीएसही त्याच दिशेला उडत होता. म्हणून दोन जीपीएस म्हणजे दोन साक्षीदार असं कधी समजू नका. दोघांचा आधार एकच. आजूबाजूच्या जहाजांचे एआयएसही (आपली जागा रेडिओवरून इतरांना कळवणारी यंत्रं) जागा सोडून पळत होते. रडारवर सामुद्रधुनीच्या काठचे मुसंदमचे कडे मात्र जिथे असायला हवेत तिथेच होते.

एक्डिसबद्दल आणखी एक. 2012 ते 2018 या काळात टप्प्याटप्प्याने तो जहाजांवर सक्तीचा झाला, आणि तो उत्तम साधन आहे. पण तुम्ही त्याला जे सांगाल तेच तो सांभाळतो. 18 सप्टेंबर 2013 रोजी 'ओव्हिट' हा रसायनवाहू टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत व्हार्न बँकवर चढला. आखलेला मार्गच त्या बँकवरून गेला होता, सेफ्टी कंटूर (सुरक्षित खोलीची सीमारेषा) चुकीचा लावलेला होता आणि अलार्मचा आवाज बंद होता. जीपीएसची जागा अगदी बरोबर होती. जहाज कुठे आहे हे कळणं आणि तिथे पाणी पुरेसं आहे हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चार्टही तपासा. सर्वेक्षणाचा दर्जा सांगणारी झेडओसी श्रेणी एक्डिसवर दिसते. ए-1 असेल तर नोंदलेल्या जागेची चूक पाच मीटरच्या आसपास, बी असेल तर पन्नास, सी असेल तर पाचशे मीटर. सी श्रेणीच्या भागात तुमची जागा दहा मीटरने बरोबर असेल आणि खडक पाचशे मीटर सरकलेला असेल. जीपीएस तुम्हाला पृथ्वीच्या गोलावर बसवतो. खडक आणि किनारा जिथे आहेत, त्यांच्या संदर्भात तुम्ही कुठे आहात हे सांगतात पुढच्या दोन पद्धती.

डोळ्यांनी घेतलेलं बेअरिंग

माझा जीव हिच्यावर आहे, हे आधीच सांगतो.

दक्षिणेकडून मुंबईला येताना उजव्या हाताला खांदेरी बेटावरचं कान्होजी आंग्रे दीपगृह दिसतं, 1867 सालचं. तिथून उत्तरेला सुमारे दहा मैलांवर, कुलाब्याच्या टोकापलीकडच्या खडकांवर प्रॉन्ग्ज रीफचं दीपगृह, 1875 सालचं. रात्री विंगवर उभं राहायचं. वारा कानाशी घोंघावत असतो, रिपीटरच्या काचेवर खारट ओल असते, ती बाहीने पुसायची. अझिमथ रिंग, म्हणजे रिपीटरवरची नेम धरायची कडी, फिरवून दिव्याच्या अंदाजाला आणायची आणि थांबायचं, कारण दिवा सतत पेटलेला नसतो. चमकला की रिंगमधला केस, म्हणजे नेमाची बारीक तार, त्याच्यावर बसवायचा, पुढच्या चमकेला पुन्हा बघायचं, मगच आकडा वाचायचा. आकडा तोंडाने मोठ्याने म्हणायचा, नाहीतर आत जाईपर्यंत विसरतो.

क्रम महत्त्वाचा. नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) किंवा वरामाच्या (मागच्या टोकाच्या) जवळचा दिवा आधी, कारण त्याचं बेअरिंग हळू बदलतं. आडवा, ॲबीम असलेला दिवा सगळ्यात शेवटी, आणि फिक्सची वेळ तीच. तीन दिवे मिळाले आणि त्यांच्यात साठेक अंशांचा कोन असला तर उत्तम. दोनच असले तर नव्वदच्या जवळ.

चार्टवर तीन रेषा आखल्या की त्या क्वचितच एका बिंदूत मिळतात. छोटा त्रिकोण तयार होतो. नवा अधिकारी त्याला बघून खट्टू होतो, पण या पद्धतीची खरी ताकद तोच त्रिकोण आहे. चूक किती आहे हे तो कागदावर काढून दाखवतो. लहान असेल तर धोक्याकडचा कोपरा आपली जागा धरायचा. मोठा असेल तर काहीतरी चुकलं आहे: दिवा भलताच धरला, आकडा चुकीचा वाचला किंवा जायरोला एरर आहे. जीपीएसकडे असा त्रिकोण नाही.

जायरोची एरर काढायला यंत्रही लागत नाही. चार्टवरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या त्या क्षणी बेअरिंग घ्या आणि चार्टवरच्या रेषेशी ताडा. आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं की खाडीचं तोंड समोर. मॅग्नेटिक कंपासबाबत मात्र आपल्या मुलांना एक सवय बाधते. मुंबईजवळ व्हेरिएशन (कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) जवळजवळ शून्य असल्याने ते लावायचं राहून गेलं तरी फारसं बिघडत नाही. केप ऑफ गुड होपला तेच पंचवीस अंश पश्चिमेच्या आसपास असतं. तिथे विसरलात तर जहाज भलतीकडे जाईल.

या पद्धतीची उणीव उघड आहे. पावसाळी धुरकटीत दिवा दिसत नाही, शहराच्या झगमगाटात तो ओळखू येत नाही, आणि तीन दिव्यांत बाहेर बघायचा वेळ जातो. ओळख पटवणं हा तर जिवाचा भाग. दिव्याची लय स्टॉपवॉचवर मोजून दीपगृहांच्या यादीशी ताडा. "हाच असणार" यावर फिक्स घेऊ नका. 'रॉयल मॅजेस्टी'वरही रडारवर दिसलेला बोया (तरंगती खूण) अपेक्षित बोया आहे असं धरलं गेलं, आणि तो दुसराच होता.

रडार

रडारबद्दल एक नियम पाठ करा: अंतर विश्वासाचं, बेअरिंग कमी विश्वासाचं. रडारचा झोत एक-दोन अंश रुंद असतो, त्यामुळे भूशिराचं टोक पडद्यावर फुगून दिसतं. एका अंशाची चूक बारा मैलांवर 0.2 मैल, म्हणजे जवळपास पावणेचारशे मीटर होते. म्हणून तीन ठिकाणांची अंतरं घ्या आणि वर्तुळ काढायच्या कंपासने चार्टवर तीन कमानी मारा. इथेही त्रिकोण मिळतो, इथेही चूक दिसते, आणि अंधार-धुक्याची अडचण नाही.

पण किनारा कसा आहे ते बघा. कोकणात जांभ्याचे कडे सरळ पाण्यात उतरतात, प्रतिध्वनी स्वच्छ येतो. खंभातच्या आखातातल्या सपाट चिखलाच्या किनाऱ्यावर रडारला नेमकी पाण्याची कड दिसत नाही. मागचा उंचवटा दिसतो, आणि भरती-ओहोटीबरोबर कड मैलोन्‌मैल हलते. तिथे रडारचं अंतर हे खऱ्यापेक्षा जास्त येतं, म्हणजे तुम्ही समजता त्याहून किनाऱ्याच्या जवळ असता.

रडारचा सर्वांत मोठा उपयोग फिक्ससाठी नाहीच, पॅरलल इंडेक्ससाठी आहे. भूशिर दोन मैलांवरून टाळायचं ठरवलंत तर कोर्सला समांतर, दोन मैलांवर, रडारवर एक रेषा टाका. जहाज पुढे जाईल तसा भूशिराचा ठिपका त्या रेषेवरून मागे सरकत गेला पाहिजे. रेषा ओलांडून जहाजाच्या बाजूला आला, की तुम्ही आत ओढले जाताय. चार्टकडे जायचं नाही, आकडे लिहायचे नाहीत, आणि जीपीएस लागत नाही. चूक काही मिनिटांत डोळ्यांसमोर येते. माझ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर दुसऱ्या कुठल्या पद्धतीकडे नाही.

एक्डिसवर रडारचं चित्र चढवता येतं, तेही वापरा. रडारचा किनारा चार्टच्या किनाऱ्यापासून सरळ बाजूला सरकलेला दिसला तर जागेवर शंका घ्या. जहाजाभोवती पिळल्यासारखा फिरलेला दिसला तर जायरोवर.

सेक्स्टंट

किनाऱ्यालगतच्या निवडीत हा नाही. हातात सराव असेल तर भर समुद्रात एक-दोन मैलांची जागा देतो. कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक म्हणजे एक मैल, घड्याळात चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक मैल. क्षितिज दिसलं पाहिजे, म्हणजे तारे फक्त संधिप्रकाशात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने 1998 मध्ये हे शिक्षण बंद केलं आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू केलं, यावरून काय ते समजा. महासागर ओलांडताना रोज दुपारी सूर्य घ्या. सकाळी उगवत्या सूर्यावरून कंपासची एरर काढणं तर सोडूच नका.

मग काय निवडायचं?

किनारा दहा-बारा मैलांच्या आत असेल, तर माझ्या मते मार्गावर नजर ठेवायला पॅरलल इंडेक्स, फिक्सला बेअरिंग किंवा रडारची अंतरं, आणि जीपीएस पडताळ्याला. बहुतेक जहाजांवर क्रम याच्या उलट असतो: जीपीएस मुख्य, बाकी पडताळा. कॅप्टनच्या स्टँडिंग ऑर्डर तशा असतील तर त्या पाळा, पण पडताळा मनापासून घ्या आणि एक्डिसवर हाताने रेषा टाकून घ्या. खुल्या समुद्रात जीपीएस मुख्य ठेवायला काहीच हरकत नाही. वॉचमध्ये एकदा डीआरशी ताडा, आणि आकाश मोकळं असेल तर सूर्याशी. बंदराच्या अरुंद वाटेत कागदी फिक्सला वेळच नसतो. तिथे समोरचे बोये, एका रेषेतल्या खुणा आणि इंडेक्स. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेव्हा इको साउंडरचा (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा भरतीच्या हिशेबाने वजा करून चार्टशी जुळतो का, तेही बघा.

दोन फिक्समध्ये किती वेळ जाऊ द्यायचा? तेवढ्या वेळात जहाज जवळच्या धोक्यापर्यंत पोचू शकणार नाही, इतकाच. खांदेरीच्या बाहेर दहा-बारा मिनिटं चालतील, प्रॉन्ग्जच्या जवळ तीन मिनिटंही जास्त वाटतात.

आणि जागेशेजारी वेळ लिहिता तशी पद्धतही लिहा: दोन दिवे, तीन अंतरं, जीपीएस. बारा वाजता वॉच घ्यायला सेकंड मेट वर येतील. त्यांचे डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतील, तेव्हा तुमची शेवटची जागा कशावरून आली हे त्यांना तुमच्या अक्षरात वाचता आलं पाहिजे.