‘सर येणार ना?’ : लँडस्केप ऑफिस विकावं, भागीदारांना द्यावं की सगळ्यांना?

सोळा वर्षं मी पुण्यातल्या एका लँडस्केप ऑफिसात, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा डिझाइन करणाऱ्या फर्ममध्ये, काम करतेय. नवीन साइटची मीटिंग ठरली की क्लायंटचा एक प्रश्न हमखास असतो: “सर येणार ना?” सर म्हणजे ऑफिसचे मालक, आता चौसष्टचे आहेत. अजूनही उरुळी कांचनच्या नर्सरीत स्वतः जातात, झाडाभोवती फेरी मारतात, बुंध्याला फीत बांधतात आणि कोणती बाजू रस्त्याकडे यायला हवी त्याची खडूने खूण करतात. मागच्या महिन्यात परतताना गाडीत म्हणाले, “माझ्यानंतर हे कोणाला द्यायचं? विकू, की तुम्हालाच देऊ?” त्यांच्यासाठी मी टिपण काढलं. तुम्हीही त्याच वळणावर असाल, म्हणून ते इथे देतेय.

आधी अमेरिकेतल्या दोन फर्म्स बघू. ईडीएडब्ल्यू हे नाव म्हणजे एकबो, डीन, ऑस्टिन आणि विल्यम्स या चार आडनावांची आद्याक्षरं. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिक पार्कच्या मास्टरप्लॅनवर त्यांनी काम केलं होतं. २००५ मध्ये एकॉम या बलाढ्य कंपनीने ही फर्म घेतली आणि २००९ मध्ये पाटी उतरली. दुसरी एसडब्ल्यूए. तिचं मूळ हिदेओ सासाकी आणि पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या ऑफिसात आहे. वॉकर १९८३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकाच्या डिझाइनमध्ये मायकल अराड यांच्या जोडीला होते ते हेच वॉकर. इतका मोठा माणूस गेला, तरी एसडब्ल्यूए चालू राहिली; बुर्ज खलिफाभोवतीची बाग तिचीच. ही फर्म कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे.

यावरून विकणं वाईट, असं मी म्हणत नाही. मालकाला एकगठ्ठा पैसा हवा असेल, मुलं परदेशात असतील, ऑफिसात पुढे येणारं कोणी नसेल, तर विक्री हाच सरळ मार्ग. पण वीस माणसांच्या ऑफिसात घेणारा नेमकं काय घेतो? दोन प्लॉटर, जुन्या ड्रॉइंगचं कपाट आणि सर. म्हणून तो सरांना अजून दोन-तीन वर्षं थांबायला सांगणार आणि किमतीचा काही भाग तोवर अडवून ठेवणार. निवृत्त व्हायला निघालेला माणूस साठीनंतर नोकरीला लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे आतल्याच दोघा-तिघांना भागीदार करणं. आपल्याकडे हेच जास्त चालतं आणि कागदपत्रंही कमी लागतात. साधी भागीदारी असेल तर एक कलम आजच तपासा: करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते. एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, ती भीती नाही. अडचण पैशाची. पस्तिशीतल्या डिझायनरच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असतो. तो हिस्सा घेणार कशातून?

कर्मचाऱ्यांची मालकी आकर्षक वाटते ती इथे. अमेरिकेत ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना, हा निवृत्तीच्या योजनेसारखा चालतो: ट्रस्ट शेअर धरतो आणि कर्मचाऱ्याला सहसा खिशातून काही घालावं लागत नाही. मात्र माणूस सोडून गेला की त्याचे शेअर परत घ्यावे लागतात. एकाच वयाची पाच जुनी माणसं लागोपाठ निवृत्त झाली की कंपनीचा गल्ला रिकामा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून निम्म्याहून जास्त मालकी कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला विकणाऱ्याला भांडवली नफ्यावरचा कर पूर्ण माफ होता. २६ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत निम्मी झाली. ट्रस्टच्या मालकीच्या कंपनीत कर्मचाऱ्याला वर्षाला ३,६०० पौंडांपर्यंतचा बोनस प्राप्तिकराशिवाय मिळू शकतो.

आपल्याकडे ‘ईसॉप’ म्हटलं की वेगळंच काही असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात तो शेअर घेण्याचा पर्याय आहे. त्यासाठी आधी प्रायव्हेट लिमिटेड व्हावं लागतं, कारण एलएलपीला शेअरच नसतात. पर्याय दिल्यापासून तो हातात पडेपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. शेअर घेताना बाजारमूल्य आणि भरलेली किंमत यांच्यातला फरक पगार धरून त्यावर कर लागतो. लिस्टेड नसलेल्या कंपनीचा शेअर विकणार कुठे? म्हणजे कर रोख आणि मिळकत कागदावर. सॉफ्टवेअर कंपन्यांचं बघून उत्साहाने ईसॉप काढणाऱ्यांनी आधी सीएशी एवढं एकच बोलावं.

कुठल्याही मार्गाने माणसं आतलीच घेणार असतील, तर मालकाचा पैसा शेवटी पुढच्या नफ्यातूनच येतो. धरून चला, वर्षाचा नफा ४० लाख आणि ऑफिसची किंमत १ कोटी ६० लाख ठरली. दरवर्षी २५ लाख सरांना दिले तर साडेसहा वर्षांच्या आसपास लागतात, तेही बिल्डरांनी बिलं वेळेवर दिली तर. (हसू नका.) एवढी वर्षं थांबायची तयारी नसेल तर या मार्गाला लागू नका.

पण सगळ्या आकडेमोडीत एक गोष्ट निसटते. मालकी वाटली म्हणून लगाम सुटत नाही. महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. साखर कारखाने कागदावर हजारो सभासदांचे असतात आणि चेअरमनची खुर्ची पिढ्यान् पिढ्या एकाच वाड्यात फिरते. उलटही होतं: शेअर बारा जणांत आणि डिझाइनचा शेवटचा शब्द कोणाचा हेच कोणाला ठाऊक नाही. बागेच्या कामात हे लवकर उघडं पडतं. दगड अर्धा फूट डावीकडे घ्यायचा की नाही, हे क्रेन उभी असताना ठरतं आणि क्रेनचं भाडं तासावर असतं.

म्हणून टिपणात मी सरांना क्रम उलटा करायला सांगितला. आधी साइट सोपवायच्या, मग शेअर. दोन वर्षं क्लायंटचा फोन दुसऱ्या कोणाला तरी जायला लागला, तरच एलएलपी करून तिघांना हिस्सा द्यायचा आणि बाकीच्यांना नफ्यातला ठरलेला वाटा, करारात लिहून. वीस माणसांसाठी कंपनी आणि ईसॉपचा पसारा मला झेपणारा वाटत नाही. साठ-सत्तर माणसं आणि दोन शहरांत ऑफिस असेल तर वेगळा विचार करेन. आणि दोन वर्षांत फोन वळलेच नाहीत, तर विकावं, तेही सर धडधाकट असताना.

सरांनी टिपण दोनदा वाचलं. किमतीच्या आकड्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. बाणेरच्या नव्या साइटच्या मीटिंगला त्यांनी मला एकटीला पाठवलं. क्लायंटने तो प्रश्न विचारलाच. मी म्हटलं, “नाही, मीच आहे.” त्याने चहा मागवला, पण ड्रॉइंगची गुंडाळी काही लगेच उघडली नाही.