विज्ञानाच्या ताईंना कुठल्या वाटेनं घडवायचं : होशंगाबाद, पाबळ की वॉल्डॉर्फ?

तुमची शाळा लहान आहे. सहावी ते दहावी मिळून पन्नासेक मुलं आणि विज्ञानाला एकच ताई. दहावीला मुलं 17 नंबरचा फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून बसणार. ताईंनी बीएस्सी केलंय, वाचन चांगलं आहे, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहिलं की तास पुन्हा खडू-फळ्यावर येतो. त्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरलंय, कुठलं ते ठरत नाहीये. अशा वेळी तीन नावं पुढं येतात: होशंगाबादची पद्धत, पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम आणि वॉल्डॉर्फ शिक्षणपद्धती. तिन्हींबद्दल बोलताना ‘समग्र’ हा शब्द येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो.

तो अर्थ कळावा म्हणून एकच वस्तू तिन्हीकडे नेऊन बघू या. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना घ्या. पाणी पडलं की ती फसफसते, सडकून तापते, फुटते आणि तिची पांढरी भुकटी होते. (मुलांसोबत करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते.)

होशंगाबादच्या रीतीनं चाललेल्या शिबिरात ताई आधी स्वतः विद्यार्थी होतील. चार-चारच्या टोळीत बसून मोजून पाणी घालायचं, दर मिनिटाला तापमान टिपायचं, आलेख काढायचा. शेजारच्या टोळीचा आलेख निराळा आला, तर का आला यावर वाद घालायचा. शिबिर घेणारे (त्यांना स्रोतव्यक्ती म्हणतात) उत्तर देत नाहीत, फार तर आणखी एक प्रश्न विचारतात. पदवीधर माणसाला हे पहिले दोन दिवस फार जड जातं, कारण आपल्याला व्याख्या येते पण कारण येत नाही हे चारचौघांत उघडं पडतं. माझ्या मते प्रशिक्षणाचा सगळा अर्क या दोन दिवसांत आहे. जी ताई स्वतः ‘मला माहीत नाही, करून बघू’ म्हणाली आहे, तीच हे वाक्य वर्गात म्हणू शकते. आणि किशोरवयीन मुलांना खोटा आत्मविश्वास लगेच ओळखू येतो.

हा कार्यक्रम 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात 16 शाळांमध्ये सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो पुढं सांभाळला आणि 2002 मध्ये राज्य शासनानं तो बंद केला. शिकवणारे साधे सरकारी शिक्षक होते. सहावी, सातवी, आठवी अशा प्रत्येक इयत्तेसाठी उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांचं शिबिर असे. त्याहून मोलाची होती ती दर महिन्याची बैठक. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसून काय फसलं, कुठला प्रयोग जमला नाही, मुलांनी कुठल्या प्रश्नावर अडवलं, हे मांडत आणि पुढचे धडे करून बघत. परीक्षाही पद्धतीला साजेशी होती: लेखी पेपर पुस्तक उघडं ठेवून आणि सोबत हातानं करायचं प्रात्यक्षिक. शिकवणं बदललं आणि परीक्षा जुनीच ठेवली, तर दिवाळीनंतर शिक्षक जुन्याकडे वळतात. इथं तो दरवाजाच बंद केला होता.

पुण्याशी याचा एक धागा आहे. टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन किशोर भारतीत गेले आणि तिथं काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवू लागले. पुढं पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं ते खेळण्यांतून विज्ञान मुलांपर्यंत नेत राहिले. तेव्हा हे साहित्य तुमच्या ताईंना परकं वाटणार नाही.

उणीव सांगायची, तर मूळ कार्यक्रम आता नाही. पद्धत, पुस्तकं आणि एकलव्यसारख्या संस्थांचा अनुभव उरला आहे. आखणी आठवीपर्यंतची होती. नववी-दहावीचा पूल तुम्हालाच बांधावा लागेल.

पाबळला चुनकळी टेबलावर राहणार नाही. ती भिंतीला लागेल. मुलं रंगासाठी चुना विझवतील, किती चौरस मीटरला किती किलो लागला याचा हिशोब ठेवतील, मजुरी धरून खर्च काढतील. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा शाळांमधला कार्यक्रम असा: आठवी ते दहावीसाठी आठवड्यातला एक दिवस आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमशी, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या पद्धतीशी, याचं नातं जुळतं. फक्त चरख्याच्या जागी वेल्डिंग, फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर थापलेलं सिमेंट) आणि रक्तगट तपासणी आली.

किशोरवयाचं मन ज्या गोष्टीला भुकेलेलं असतं, ती मला इथं सगळ्यांत जास्त दिसते: खरं काम आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. कोंबडीची पिल्लं वाढवताना पहिल्या आठवड्यात ऊब साधारण 35 अंशांवर ठेवावी लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी करायची. चुकलं तर पिल्लं मरतात. उष्णता, आहार, वजनाचा आलेख, जबाबदारी, सगळं एकाच खोलीत. हिमोग्लोबिनच्या तपासणीचंही तसंच. चौदा वर्षांच्या मुलीला 12 ग्रॅमची मर्यादा पाठ असणं वेगळं आणि स्वतःचा आकडा 9 निघणं वेगळं. तो आकडा वर्गासमोर वाचायचा नाही, आईशी कसं बोलायचं, जेवणात काय बदलायचं, हे ताईंना शिकावंच लागतं.

पण एक मोठी फट आहे. हे काम शिकवणारे निदेशक बहुधा हाताचं कौशल्य असलेले स्थानिक तरुण असतात. शाळेची विज्ञानशिक्षिका त्या दिवशी बाजूला राहिली, तर शेडमधली वेल्डिंग आणि पुस्तकातली विद्युतधारा एकमेकींना भेटतच नाहीत. म्हणून पाबळची वाट घेतलीत तर निदेशकासोबत ताईंनाही पाठवा. शेड, अवजारं आणि कच्चा माल यांचा खर्च दरवर्षी येणार, तोही आधी धरा.

वॉल्डॉर्फमध्ये चुना हा सातवीच्या रसायनाचा ठरलेला विषय आहे. चुनखडी भाजायची, विझवायची, चुन्याच्या निवळीत श्वास फुंकून ती दुधाळ होताना बघायची आणि त्या दिवशी स्पष्टीकरण द्यायचं नाही. मुलं घरी जातात, झोपतात, दुसऱ्या दिवशी पाहिलेलं आठवून सांगतात, चित्र काढतात, मग संकल्पना येते. एकच विषय रोज सकाळी तीन-चार आठवडे चालतो. प्रशिक्षणात ताई गातील, रंगवतील, मातीकाम करतील. निरीक्षणाची नजर त्यातून खरंच तयार होते. मात्र हे शिक्षण सुट्ट्यांमध्ये तुकड्यातुकड्यानं काही वर्षं चालतं आणि त्यामागं या पद्धतीचे जनक रुडॉल्फ स्टायनर यांचं अध्यात्मदर्शन आहे. त्यातले काही दावे विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षिकेला हे वेगळं काढता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. शिवाय बाकी शाळा तासिकांवर चालत असेल, तर एकटी ताई हे निभावू शकत नाही.

मॉन्टेसरीची किशोरांसाठी शेतावरच्या शाळेची कल्पनाही सुंदर आहे, पण जमीन नसेल तर तिचा विचार आत्ता करू नका.

तुमच्या शाळेसाठी माझं मत होशंगाबादच्या बाजूनं आहे. पहिल्या वर्षी तेवढंच. दुसऱ्या वर्षी पाबळचा एक विभाग जोडा, शक्यतो गृह-आरोग्य, कारण त्याला शेड लागत नाही. वॉल्डॉर्फकडून ‘आज बघू, उद्या बोलू’ ही सवय घ्या. तिला शुल्क लागत नाही. शाळा ग्रामीण असेल आणि पालक शेतकरी असतील, तर क्रम उलटा: आधी पाबळ.

कुठल्याही संस्थेला पैसे भरण्याआधी विचारा, ऑक्टोबरमध्ये प्रयोग फसला तर ताईंनी कुणाशी बोलायचं? उत्तर नसेल, तर जवळच्या दोन-तीन शाळांतल्या विज्ञानाच्या ताई-दादांना आत्ताच फोन करा, जूनपासून महिन्यातला एक शनिवार पक्का करा आणि पहिल्या बैठकीला चुनकळी, तापमापक आणि चष्मे घेऊन या.