मंगलाष्टके करून देणारे यंत्र : महिनाभराच्या वापरानंतर

माझ्या पुतणीचे लग्न गेल्या वैशाखात मिरजेला झाले. मंगलाष्टके नवी हवीत असा घरातल्या सगळ्यांचाच आग्रह होता, पण आमच्या पेठेत ती लिहून देणारे संस्कृतचे जे जुने शिक्षक होते ते आता हयात नाहीत. नारळ आणि उपरणे एवढ्यावर ते दोन्ही घरांची नावे गुंफून श्लोक करून देत, आणि एखादे नाव वृत्तात बसेना झाले की ‘सासरी मुलीचे नाव बदलणार असाल तर आधी मला विचारा’ असे गंभीर चेहऱ्याने सांगत. त्यांच्या जागी कोणाला शोधावे या विचारात असतानाच भाच्याने संगणकावर कविता करून देणारी एक सेवा सुचवली. वर्गणी महिन्याला ४९९ रुपये, रचना हव्या तितक्या, शिवाय ‘वृत्त तपासणी’ नावाची एक सोय. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण अशा सेवा आता पुष्कळ आहेत आणि एका लग्नापुरत्या अनुभवावरून एकीलाच धरणे बरोबर होणार नाही.

मंगलाष्टक हा प्रकार यंत्राची परीक्षा घ्यायला फार सोयीचा आहे. बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडितात असतात. प्रत्येक चरणात १९ अक्षरे, गण (म्हणजे लघू-गुरू, आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचे तीन-तीनांचे ठरलेले गट) म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे पालुपद यतीनंतरच्या सात अक्षरांत नेमके मावते. म्हणणाऱ्याला गणांची नावे ठाऊक असण्याची गरज नसते, कारण लहानपणापासून ऐकलेली चाल कानात पक्की बसलेली असते. एक लघू जिथे नको तिथे आला की मावशी अडखळते, आणि मावशी अडखळली की अंतरपाट धरून उभ्या असलेल्या गुरुजींसकट सगळ्या मांडवाला ते कळते.

पहिल्या दिवशी मी सेवेच्या अर्जात दोन्ही घरांची माहिती भरली आणि शार्दूलविक्रीडितात चार चरण मागितले. अर्ध्या मिनिटात श्लोक आला. पहिला चरण असा होता : ‘सनईचे सूर मंगल गुंजती, सोन्याचा क्षण आला दारी’. खाली ठळक अक्षरांत हमी दिलेली होती की प्रत्येक चरणात १९ अक्षरे असून रचना निर्दोष आहे. मी बोटांवर मोजली, तर २१ भरली. तसे कळवल्यावर यंत्राने अत्यंत नम्रपणे क्षमा मागितली आणि नवा चरण दिला : ‘मंगल वाद्ये वाजती दारी, सुखाचा सोहळा रंगला’. या वेळी अक्षरे बरोबर १९ होती, परंतु जिथे पहिली तिन्ही अक्षरे गुरू हवीत तिथे ‘मंगल’ हा शब्द एक गुरू आणि दोन लघू घेऊन दारातच उभा. हे गाऊन पाहावे म्हणून माझ्या बहिणीने तोंड उघडले आणि तिसऱ्या अक्षरावर मिटले.

वाचकाला हे क्षुल्लक वाटेल, पण मला यात एक मौज दिसते. जॉन क्लार्क नावाच्या इंग्रज गृहस्थाने ‘युरेका’ नावाचे एक लाकडी कवितायंत्र बनवले होते आणि १८४५ साली ते लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शनात मांडले होते. आतले दंडगोल फिरत, त्यांवरच्या खुंट्यांप्रमाणे अक्षरे खाली उतरत आणि लॅटिनमधल्या ‘हेक्झामीटर’ या सहा गणांच्या वृत्ताची एक ओळ समोर येई. ओळीत शब्द सहा आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. त्या जागी येऊ शकणारे सगळे शब्द एकाच मापाचे निवडलेले असल्यामुळे त्या यंत्राची ओळ वृत्तात चुकणे शक्यच नव्हते. अर्थाच्या बाबतीत ते तितकेसे भाग्यवान नसावे. आजच्या यंत्राचे नेमके उलटे आहे. ते आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधत जाते, आणि हे तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतातच असे नाही. देवनागरी शब्द तर पुष्कळदा भलत्याच ठिकाणी तुटतो. त्यामुळे वाक्य सफाईदार होते आणि मोजदाद चुकते. आपण काय मोजले हे सांगतानाही ते पुन्हा अंदाजच करत असते, म्हणून खालची हमी इतकी ठाम.

हट्टाने मी गणांचा नकाशा लघुगुरूंसह लिहून दिला, एक जुना श्लोक फोड करून दाखवला आणि पुन्हा मागणी केली. सातव्या खेपेस हा चरण मिळाला : ‘आनंदे सजली प्रसन्न धरती, आकाश गाते सुखे’. गण बिनचूक, यती जागच्या जागी, म्हणायला गोड. त्यात खोट काढायची तर एवढीच की हा चरण मिरजेच्या लग्नात जसा चालेल तसा मालवणच्या मुंजीतही चालेल आणि साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभालाही. मात्र हा दोष यंत्राच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. छापील पुस्तिकांतून वर्षानुवर्षे मिळत आलेली निम्मी मंगलाष्टके अशीच आहेत, आणि ती माणसांनी लिहिली आहेत.

जाता जाता एक गंमत म्हणून मोरोपंतांची कसोटी लावली. पंतांच्या एकशे आठ रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरे त्यात वर्ज्य. रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही. इतका यांत्रिक नेम स्वतःवर लादून घेणारा कवी आपल्याकडे अठराव्या शतकात होऊन गेला, हे यंत्र आणि कवी यांच्या वादात फारसे कोणी लक्षात घेत नाही. यंत्राला मी त्याच नेमाने एक आर्या मागितली. तिचा पहिलाच शब्द ‘प्रभू’ होता.

आता तक्रारीकडे येतो. अर्जात नातेवाइकांची नावे भरताना माझ्या आईच्या नावाआधी मी रीतीप्रमाणे ‘कै.’ लिहिले होते. आई चार वर्षांपूर्वी गेली. यंत्राने तो ‘कै.’ नावाचाच भाग मानला असावा, कारण तिसऱ्या श्लोकात आई मांडवाच्या दारात उभी राहून हसतमुखाने अक्षता वाटत होती. मी तो श्लोक मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. मराठीत सेवा विकणाऱ्याने ‘कै.’, ‘चि.’, ‘सौ.कां.’ ही लग्नपत्रिकेतली साधी अक्षरे तरी आपल्या यंत्राला शिकवून ठेवायला हवीत. वृत्ताची चूक एक वेळ खपते, ही खपत नाही. कळवल्यावर दुसऱ्या दिवशी छापील साच्याचे दिलगिरीचे उत्तर आले आणि एका महिन्याच्या वर्गणीत दहा टक्के सूट देऊ केली गेली.

त्या श्लोकाचा कागद ताईने, म्हणजे नवरीच्या आत्याने, माझ्या हातातून काढून घेतला. ताई निवृत्त शिक्षिका आहे आणि स्वतःला कवी वगैरे मुळीच म्हणवून घेत नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने त्याच कागदाच्या पाठीवर एक चरण लिहिला :

‘दारी आज नसे उभी परि तिचा शालू तुझ्या अंगि हा’

पुतणी माझ्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, लग्नातला शालू नेसणार होती, हे मी अर्जात लिहिले नव्हते. अर्जात शालूसाठी रकानाच नव्हता. वधूचे शिक्षण, वराची नोकरी, कुलदैवत, गाव, छंद असे बावीस रकाने होते आणि मी ते सगळे प्रामाणिकपणे भरले होते. ताईच्या चरणातले ‘दारी’ मात्र यंत्राच्या चुकीतूनच आलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. यंत्राने आईला दारात उभे केले नसते, तर ‘आज नसे उभी’ हे तिला सुचले असते की नाही, सांगता येत नाही.

उत्सुकतेने मी ताईचा चरण ‘वृत्त तपासणी’त घातला. तपासणीने पंधराव्या अक्षरावर लाल खूण केली : जोडाक्षरापूर्वीचे ‘तु’ गुरू झाले आहे, दुरुस्ती करावी. नियम पुस्तकातला आहे आणि संस्कृतापुरता खराही आहे. पण मराठीत ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून ते लघूच राहते, ‘तुम्ही’चेही तसेच. हे कोणत्याही शाळेत वृत्त शिकलेल्या माणसाला जिभेने कळते. तपासणीने दुरुस्तीही सुचवली होती : ‘परि तिचा शालू तुला शोभतो’. खोटे कशाला बोलू, वाचून मी चपापलो. चरण वृत्तात होता, अर्थ लागत होता, आणि ‘अंगी’चे ऱ्हस्व ‘अंगि’ करण्याची जी सवलत ताईने घेतली होती तीही घ्यावी लागत नव्हती. मी तो ताईला दाखवला. तिने चष्मा वर सारून दोनदा वाचला.

‘वाईट नाही रे,’ ती म्हणाली, ‘पण शोभतो म्हटलं की साड्यांच्या दुकानात आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.’

एवढे बोलून तिने मूळचा चरण कायम ठेवला. यंत्र आणि कवी यांतला फरक मला या महिन्यात कुठे दिसला असेल, तर तो या नकारात. पर्याय यंत्राने दिला, तोही बरा दिला. तो का नको हे ठरवायला आरसा आठवावा लागतो, आणि त्या शालूची घडी आईने किती वर्षे उकलली नव्हती हेही. नंतर मी शालूची हकीकत यंत्राला सविस्तर सांगितली, तेव्हा त्याने शालूच्या प्रत्येक धाग्यात आजीची माया विणलेली असल्याचे चार चरण दिले. ते टाकाऊ नव्हते. फक्त शालू सांगायचा, बाकीचे बावीस रकाने नाही, ही निवड तोवर ताईने करून ठेवलेली होती.

हळदीच्या आदल्या दिवशी जात्यापाशी म्हणायला दोन ओव्याही मागून पाहिल्या. ओवीचे माप सैल असल्याने यंत्र तिथे अधिक मोकळे होते आणि यमके चटकन जुळली. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ज्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या थोड्या जरी ऐकल्या असतील, तरी यंत्राच्या ओवीत दळणारी बाई नाही हे पहिल्या फेऱ्यालाच जाणवते. गावाचे नाव नाही, भावाशी भांडण नाही, सासूवर टोमणा नाही.

लग्नात शेवटी असे झाले की मुलाकडच्या एका काकूंना ‘आनंदे सजली प्रसन्न धरती’ फार आवडले आणि त्यांनी ते खणखणीत आवाजात म्हटले. अक्षता पडल्या, माना डोलल्या. ताईची पाळी आली तेव्हा ‘शालू’ शब्दावर तिचा आवाज दबला, मागच्या रांगांना काही ऐकू गेले नाही, आणि समोरच्या दोन रांगांतल्या आमच्या घरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. जेवणाच्या पंगतीत कौतुक काकूंच्या श्लोकाचे जास्त झाले. याचे मला नवल वाटले नाही. २०२४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात पिट्सबर्गच्या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य वाचकांना नामवंत इंग्रजी कवींच्या आणि यंत्राच्या कविता सरमिसळ करून दाखवल्या होत्या. कोणती कोणाची हे ओळखण्यात वाचक ४६.६ टक्के वेळाच बरोबर ठरले, म्हणजे नाणे उडवले असते तरी याहून बरे जमले असते, आणि गुणही त्यांनी यंत्राच्या कवितांनाच अधिक दिले. त्या कविता पहिल्या वाचनात कळतात, हे एक कारण संशोधकांनी सुचवले आहे. मंगलाष्टक तर एकदाच, तेही सनई आणि मुलांच्या गोंगाटात ऐकायचे असते. तिथे लगेच कळणाऱ्या ओळीचीच सरशी होणार.

तेव्हा या सेवेबद्दल माझे मत असे. कोणत्याही घरी चालेल असा श्लोक हवा असेल आणि गण तपासायला घरात एक जाणते माणूस असेल, तर ४९९ रुपये फार नाहीत; छापील पुस्तिकेची आणि दक्षिणेवर तसेच श्लोक करून देणाऱ्याची जागा तिने घेतलीच आहे. आभारपत्रे आणि पत्रिकेचा मजकूर ती उत्तम करते. तपासणीची सोय मराठी उच्चार शिकेपर्यंत बंद ठेवावी, आणि दिवंगतांची नावे अर्जात अजिबात भरू नयेत.

मी वर्गणी रद्द केली आहे. रद्द करण्याचे बटण ‘माझे खाते’मध्ये अगदी तळाशी आहे, आणि ते दाबल्यावर निरोपादाखल चार ओळींची एक कविता येते. तिचा पहिला चरण १८ अक्षरांचा भरला.