दिसलं काहीच नाही, तरी पाचपैकी चार

पोर्तुगालच्या मदैरा बेटावर गेलात आणि पक्ष्यांचं वेड असेल, तर पीकु दु अरिएरु या शिखरावरची, अंधारात पक्ष्यांचे आवाज ऐकायची रात्रीची सहल चुकवू नका. फक्त कॅमेरा हॉटेलातच ठेवा. ताई सांगत होती, मी ऐकलं नाही. जड लेन्स गळ्यात मिरवली आणि एकही फोटो मिळाला नाही.

फुंशाल शहरातून आम्हाला न्यायला येणारी गाडी पाऊण तास उशिरा आली, तारा कापला तो त्याबद्दल. बुकिंगच्या ईमेलमध्ये ‘हलकं जाकीट पुरेल’ असंही लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला एकदा १८१८ मीटरवरच्या त्या वाऱ्यात बसवायला हवं. जून होता, तरी बोटं बधिर झाली.

कड्याजवळ बसवतात, दिवे बंद करायला लावतात. बराच वेळ नुसता वारा. आणि मग दरीतून कण्हणं वर येतं. लांबलचक, रडवेलं. बघता बघता डोक्यावरून निघून जातं. ताईने माझं मनगट धरलं ते सोडेचना.

खाली कुराल दश फ्रेइराश हे गाव. १५६६ मध्ये फ्रेंच चाच्यांच्या भीतीने फुंशालच्या मठातल्या नन या दरीत येऊन लपल्या होत्या. हा आवाज म्हणजे त्यांचे तळमळणारे आत्मे, असं मेंढपाळ समजत. म्हणून पक्ष्याचं नावही ‘फ्रेइरा’, म्हणजे नन. इंग्रजीत झिनोज पेट्रेल; पेट्रेल म्हणजे एक समुद्रपक्षी. १९६९ मध्ये पक्षी अभ्यासक पॉल अलेक्झांडर झिनो यांनी एका मेंढपाळाला जवळच्याच जातीच्या पेट्रेलचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, त्याने आवाज ओळखला आणि हरवलेल्या पक्ष्याचा पत्ता लागला. थोडक्यात, हा पक्षी शोधणाऱ्यांनाही आधी कानांनीच सापडला.

गाईड मात्र हाडाचा. एकाने मोबाइलचा दिवा लावताच त्याने तो हाताने झाकला. पक्ष्यांना बोलावायला रेकॉर्डिंग वाजवणार का विचारलं, तर सरळ नाही म्हणाला. जगभरात जेमतेम ६५ ते ८० जोड्या, त्याही सगळ्या याच डोंगररांगेत. कपारींवरच्या मातीत बीळ, वर्षाला एकच अंडं, त्यावर उंदीर-मांजरांचा डोळा. ऑगस्ट २०१० च्या वणव्यात पिल्लं बिळातच मेली. हे सांगताना तो कुजबुजत होता, त्यामुळे मागच्यांना निम्मं ऐकू गेलं नसणार. पुढे बसा.

तारीख शक्यतो चांदणं नसलेली निवडा.

माझ्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात पक्षी एकदाच ओरडतो, बाकी सगळं ताईचं, ‘काय गं हे? काय गं?’