चवली, पावली आणि आठ रियाल

लेकीला शाळेत अमेरिकेतल्या वसाहतींचा काळ शिकवतायत. न्यू जर्सीत राहून तिथलंच जुनं चलन तिला हातात घेऊन पाहता यावं, म्हणून प्रतिकृतींचा संच मागवला: पाच नाणी, सहा नोटा.

सगळ्यात आवडला तो स्पॅनिश डॉलर, म्हणजे आठ रियालचं नाणं. दोन खांब, मधे दोन गोलार्ध, खाली समुद्राच्या लाटा. वसाहतींमध्ये सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई की लोक हे नाणं छिन्नीने तोडून आठ तुकडे करत. एक तुकडा म्हणजे एक बिट. संचात तसा एक तुकडाही आहे. व्हिडिओ कॉलवर तो बाबांना दाखवला, तर ते लगेच म्हणाले, "अगं, ही तर चवली! दोन बिट म्हणजे पावली, चार म्हणजे अधेली." चवली म्हणजे रुपयाचा आठवा भाग, पावली चौथा, अधेली निम्मा, त्यामुळे हिशेब चोख बसतो. लेकीला अपूर्णांक तिथेच कळले.

नाणं मात्र हलकं आहे. अस्सल डॉलर सुमारे 27 ग्रॅमचा, चांदीचा. हा जस्ताच्या मिश्रधातूचा वाटतो, आणि कडेला साच्याची रेघ बोटाला लागते. संचातल्या पाइन ट्री शिलिंग या बॉस्टनच्या नाण्यावरचं झाड सुरेख उठलंय. त्यावर 1652 साल आहे, पण पुढे तीसएक वर्षं ते हेच साल घालून पाडत राहिले.

नोटांनी निराशा केली. 1776 ची न्यू जर्सीची बारा शिलिंगांची नोट मला खास हवी होती. तिच्या मागे सेज या सुगंधी झुडपाचं पान छापलेलं असतं. खऱ्या पानावरून ठसा घ्यायची ही युक्ती मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनची. पानाच्या शिरा हाताने हुबेहूब कोरणं कुणालाच जमत नसे, त्यामुळे खोट्या नोटा पकडता यायच्या. शेजारी बजावलेलंही असे: खोटी नोट बनवाल तर मृत्यू. आमच्या प्रतीत मधल्या शिरा एकमेकींत मिसळून काळा डाग झालाय. जे पाहायचं, तेच गेलं.

आणखी एक गोष्ट मला खरंच खटकली. अमेरिकेत 1973 च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असा ठसा लागतो. पाचपैकी दोन नाण्यांवर तो नाही. उद्या कुणी ती घासून, काळी करून अस्सल म्हणून विकली तर? दुकानदाराला कळवलं, उत्तर नाही. त्या दोन नाण्यांच्या पाकिटावर मी स्वतःच 'नकली' लिहून ठेवलंय.

बाबांसाठी तो आठ रियाल मागवणारच आहे, पण दुसऱ्या दुकानातून, ठशाचा फोटो आधी मागून.